हात गेला नव्हता

४ मार्च

धाकट्या,

आधी उशिराची माफी मागतो, मग पुढचं. तुला हृदयाचा झटका आला त्याला दोन महिने होऊन गेले आणि मी आज कागद हातात घेतोय. खरं म्हणजे उशीर पंधरा वर्षांचा आहे, पण तेवढी माफी एका पत्रात मावायची नाही, म्हणून सध्या दोन महिन्यांचीच मागतो. बातमी कळली तेव्हा मी तुझ्याकडे यायला निघालो होतो, असं लिहिणार होतो. निघालो नव्हतो. पिशवी भरली होती, एवढंच.

फोन केला असता, पण माझा आवाज ऐकला की तू ठेवतोस. पत्र फाडशील. फाड, पण फाडता फाडता एखादी ओळ तरी डोळ्यांखालून जाईल. म्हणून मुद्द्याची ओळ वरच लिहितो: त्या दोन गोळ्या बंद करू नकोस. पांढरीही नको, गुलाबीही नको. रोज घे.

झालं. आता फाडलंस तरी चालेल. पण फाडू नकोस, पुढे फार मजेची गोष्ट आहे.

तुझ्या लेकीने माझ्या लेकीला फोनवर सांगितलं की बाबा गोळ्या एक दिवसाआड घेतात. रोज घेतल्या की गिऱ्हाइकाच्या कात्रीला धार लावून ती तपासताना अंगठ्याचं रक्त थांबत नाही म्हणतात. पोरीवर रागावू नकोस, ती घाबरलीय. हे ऐकल्यापासून मला एका जागी बसवत नाही, आणि इथे बसण्यावाचून दुसरं काम नाही. मी दवाखान्यात आहे. काळजी करू नकोस, तपासणीसाठी ठेवलंय. नोव्हेंबरमध्ये मलाही झटका आला होता, हे तुझ्या लेकीकडून तुला कळलं असेलच. माझ्याही हृदयाच्या नळीत जाळी बसवली आहे आणि मलाही त्याच दोन गोळ्या आहेत. मी एकही दिवस गोळी चुकवलेली नाही.

आता मजा ऐक. इथे एक मोठ्या सिस्टर आहेत. उंच, करड्या आवाजाच्या; त्या आल्या की सगळा वॉर्ड पाय सरळ करून झोपतो. काल मी त्यांना विचारलं, "सिस्टर, ही गोळी करते काय? म्हणजे जाते कुठे, धरते कुणाला?" मला वाटलं, ओरडतील. तर त्या स्टूल ओढून बसल्याच.

"चौथीपर्यंत शिकलात म्हणता ना? मग कळेल," म्हणाल्या. "पुढे शिकलेल्यांनाच कळत नाही."

रक्तात बारीक बारीक टिकल्या फिरत असतात, धाकट्या. प्लेटलेट म्हणतात त्यांना, पण मी टिकल्याच म्हणणार. एरवी त्या गुळगुळीत असतात, कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. पण कुठे कापलं की फाटलेल्या कडेला पहिली टिकली चिकटते आणि तिला काटे फुटतात, गोखरूसारखे! मग ती हाका मारते. हाक ऐकून दुसऱ्या येतात, त्यांनाही काटे फुटतात, त्याही हाका मारतात, सगळ्या एकमेकींना धरून बसतात आणि भोक बुजतं. आपण साठ वर्षं अंगठे कापून घेतले आणि रक्त कोण थांबवतं हे एकदा विचारलं नाही! मी तर समजत होतो की ते आपोआप थांबतं.

"मग याचा हृदयाशी काय संबंध?" मी विचारलं.

"हृदयाच्या नळीला आतून चरबीचा थर चढतो. एखाद्या दिवशी त्या थराला तडा जातो. टिकल्यांना वाटतं, जखम झाली. धावल्या सगळ्या. नळी केवढी, तर पेन्सिलीतल्या शिशाहून जरा जाड. बुजली. पुढचं हृदय उपाशी."

"म्हणजे त्या वाईट नाहीत."

"वाईट कशाला? भाबड्या आहेत. आतलं काय, बाहेरचं काय, त्यांना सगळं सारखंच."

"आणि गोळी त्यांना मारते?"

"मारून कसं चालेल? उद्या दाढी करताना कापलं तर काय कराल? हाका दोन तऱ्हेच्या असतात. एक हाक पांढरी गोळी तयारच होऊ देत नाही. दुसरी हाक निघते, पण ती ज्या कानाने ऐकायची तो कान गुलाबी गोळी बुजवते. टिकल्या असतात, फिरतात, पण गर्दी करत नाहीत."

शेजारच्या खाटेवर एक बस ड्रायव्हर आहे, पोट सुटलेला, दिवसभर बडबडतो. तो म्हणाला, "सिस्टर, आमच्या गाडीत वाटा की. तोंडाची गोळी प्रवाशांना, कानाची मला."

"तुमचं तोंड आधी," सिस्टर म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मला काल दुपारी झोपच लागली नाही. सारखं अंगठ्याकडे बघत होतो. तुला सांगितल्याशिवाय राहवेना. आता तू म्हणशील, दादाला पंधरा वर्षांनी टिकल्या आठवल्या. त्या दिवशी जे झालं तो नियम बाबांचा होता, माझा नव्हता, एवढं लक्षात घे. बाकी भेटीत.

उभ्याने वाचलं असशील तर आता बस. गोळ्या जेवणानंतर घे, उपाशीपोटी जळजळ होते. घरात सगळ्यांना आशीर्वाद.

तुझा
दादा


६ मार्च

धाकट्या,

तुझा निरोप पोचला. माझी लेक सांगताना अडखळत होती, मीच म्हटलं, जसाच्या तसा सांग. "दादाला म्हणावं, माझ्या हाताची काळजी त्याने पंधरा वर्षांपूर्वी केली तेवढी पुरे." शिवाय हेही कळलं की एक दिवसाआड घेत होतास तेही सोडून आठ दिवस झाले, दोन्ही गोळ्या बंद आहेत. अंगठा आता छान आहे, चटकन थांबतो, असं तू गिऱ्हाइकांना दाखवतोस.

टोमणा मला लागला, लागायलाच हवा होता. पण आठ दिवस! धाकट्या, आठ दिवस म्हणजे काय ते मी सकाळी सिस्टरना विचारलं, आणि त्यांनी हातातला ट्रे खाली ठेवला. ट्रे सहसा खाली ठेवत नाहीत त्या.

एकेक टिकली आठ-दहा दिवस जगते. गोळी लागलेली टिकली मरेपर्यंत तशीच राहते, सुधारत नाही. पण शरीर रोज नव्या टिकल्या करतं, साधारण दहातली एक रोज नवी. त्या नव्या पोरींना गोळीची काही खबर नसते. त्यांना हाकही मारता येते आणि ऐकूही येतं. म्हणून गोळी रोज, जुन्यांसाठी नाही, आज जन्मलेल्यांसाठी. आठ दिवसांत तुझ्या रक्तातल्या बहुतेक सगळ्या नव्या झाल्या. आणि आत ती जाळी उघडी आहे. जाळी धातूची, परकी. टिकल्यांना ती दिसली की त्या धावणारच. हळूहळू जाळीवर आतल्या कातडीचं अस्तर चढतं, मग ती दिसत नाही. अस्तर चढायला महिने लागतात, म्हणून डॉक्टर वर्षभर म्हणतात. तुझे दोनच झालेत.

किती सोपं आहे बघ! आणि किती हुशारीचं! मी ड्रायव्हरला हे दोनदा समजावून सांगितलं. तिसऱ्यांदा सुरू केलं तर त्याने पांघरूण डोक्यावरून घेतलं.

आता एक खोडायचं आहे. परवाच्या पत्रात मी लिहिलं, एकही दिवस गोळी चुकवलेली नाही. ती ओळ खोडून वाच. आणि तपासणीसाठी ठेवलंय हेही खोड.

डिसेंबरात घरी आलो आणि धार लावायच्या चाकावर बसलो. न्हाव्याची कात्री होती. धार लावली, अंगठ्यावर तपासली, बारीक रेघ उमटली, आपल्याला नेहमी उमटते तशी. रक्त आलं आणि येतच राहिलं. चहा आला, पिऊन झाला, तरी फडकं लाल. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. बाबांचं बोलणं तुला सांगायला नको. अंगठा धारेवरून असा न्यायचा की नुसती वरची साल उठावी. रक्त वाहत राहिलं म्हणजे चीर खोल, चीर खोल म्हणजे हात जड, आणि जड हाताने चाकावर बसायचं नाही. स्वतः बाबा त्याच दिवशी उठले होते आणि पुन्हा बसले नाहीत. मला वाटलं, माझाही दिवस आला. आणि मला उठायचं नव्हतं. उठून करू काय? दुसरं काय येतं मला?

मग विचार केला, गोळ्या सुरू केल्या तेव्हापासून हे आहे, तर गोळ्यांनीच हात जड केला असेल. डॉक्टरांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते. फेब्रुवारीत रोजच्या दोन्ही गोळ्या तेलाच्या रिकाम्या डब्यात टाकू लागलो. लेकीला वाटे, घेतल्या. सहा दिवस. सातव्या दिवशी सुरी तपासली, रेघ उमटली, फडकं लावलं आणि रक्त थांबलं! पुढची सुरी उचलायच्या आत थांबलं! काय आनंद झाला मला, धाकट्या. हात परत आला. शीळ घालत होतो. शेजारच्या चहावाल्याने विचारलं, "आज काय विशेष?"

दुपारी जेवायच्या आधी छातीवर कुणी गुडघा ठेवला असं वाटलं. अंगठ्यात रक्त लवकर थांबलं म्हणून मी खूश होतो आणि तेच रक्त आत थांबत होतं. लेकीने पांढरी गोळी तोंडात कोंबली. "गिळू नका, चावा! चावा!" ओरडत होती. चावली की लवकर रक्तात उतरते, हे तिला पहिल्या खेपेला दवाखान्यातच शिकवलं होतं. शिकवलं मलाही होतं, पण मी तेव्हा खिडकीबाहेर बघत होतो. जाळी गच्च भरली होती. पुन्हा उघडली. हृदयाचा एक भाग मेला तो मेलाच. आता जिना चढायचा नाही, वजन उचलायचं नाही, पायाला सूज येते. तीन आठवडे झाले इथे.

म्हणून म्हणतो, मी शहाणपण शिकवत नाहीये. मी त्याच खड्ड्यातून ओरडतोय.

तुझा अंगठा छान आहे ना? मला त्याचीच भीती वाटते.

दादा


७ मार्च, दुपारी

धाकट्या, घाईत लिहितोय, अक्षर सांभाळून घे. आनंद झालाय की लाज वाटतेय, ते मला कळत नाही. दोन्ही असेल.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. माझी लेक दुपारच्या गाडीने तुझ्याकडे निघतेय, तिच्या हाती देतोय. मी तिला सांगितलंय, दुकानात चार माणसं असतील तेव्हा मोठ्याने वाच. माणसं नसली तर येईपर्यंत थांब. त्या दिवशी मी बोललो तेही चार माणसांतच बोललो होतो.

सकाळी मोठ्या सिस्टर गोळ्या घेऊन आल्या. मी पांढरी गोळी हातात धरून म्हटलं, "काय बाई शोध लावलाय! नवी असेल."

"नवी कुठली," त्या म्हणाल्या. "शंभर वर्षं जुनी आहे ही. ॲस्पिरिन. पूर्वी लोक डोकं दुखलं, सांधे दुखले की हीच घ्यायचे. तेव्हा तर मोठी घ्यायचे, दिवसाला तीन-तीन, चार-चार."

"सांधे दुखले की?"

"हो. गुडघे, खांदे."

"आणि तेव्हाही ती टिकल्यांचं तोंड बंद करायची?"

"तिला काय माहीत तुम्ही कशासाठी घेतलीत ते? पोटात गेली की करणारच."

मी उठून बसलो. इतक्या जोरात उठलो की छातीला लावलेली वायर निघाली आणि यंत्र कोकलायला लागलं. दोन नर्स पळत आल्या. ड्रायव्हर म्हणतो, "काका, लॉटरी लागली की काय?"

धाकट्या, तुझा गुडघा!

आठव. तो महिना आठव. तुझा डावा गुडघा नारळाएवढा सुजला होता, चाकाचा पाटा पायाने दाबताना तू दात आवळायचास. कंपाउंडरने पांढऱ्या गोळ्या सांगितल्या, दिवसाला चार. कोण आणून द्यायचं? मी. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून पाकीट मी आणायचो आणि चहाबरोबर तुझ्या हातावर मी ठेवायचो. "घे रे, चुकवू नकोस," म्हणायचो. आणि त्याच महिन्यात तुझं रक्त थांबेना. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा शिंपीणबाई समोर उभ्या होत्या, त्यांची मोठी कात्री तुझ्या हातात होती, आणि थेंब त्यांच्या पांढऱ्या कापडावर पडला. तू अंगठा दाबून धरलास, ते थांबेना. आणि मी न्हाव्यासमोर, चहावाल्यासमोर, त्या बाईंसमोर म्हणालो, "तुझा हात गेला, धाकट्या. ऊठ चाकावरून."

तू उठलास. पंचा खुंटीला लावलास आणि गेलास. पंधरवड्याने कळलं, गाव सोडलंस.

पहिल्या पत्रात लिहिलं की नियम बाबांचा होता. तेही खोडून टाक. बाबांनी तो नियम स्वतःला लावला होता. दुसऱ्याला लावला तो मी. आणि का लावला तेही आता लिहितो, लेक वाचताना थांबली तर तिला म्हण, पुढे वाच. तुझी धार माझ्याहून चांगली होती. गिऱ्हाईक येऊन विचारायचं, "धाकटे आहेत का?" मी म्हणायचो, "मी आहे की." ते म्हणायचे, "मग नंतर येतो." तुझं रक्त वाहताना बघून मला वाईट वाटलं, हे खरं. पण त्या वाईट वाटण्याच्या तळाशी थोडं बरं वाटलं, तेही खरं.

तर आता चार माणसांत ऐक. तुझा हात गेला नव्हता. तुझा हात कधीच जड नव्हता. चीर खोल नव्हती, सालीएवढीच होती. रक्त थांबत नव्हतं ते मी दिलेल्या गोळ्यांनी. गोळी देणारा मी आणि हात गेला म्हणणाराही मीच. माझी चूक झाली. लेकी, हे वाक्य दोनदा वाच.

आणि म्हणूनच, माझ्या भावा, आता रक्त वाहतं तेही हातामुळे नाही. तू ते मला खोटं पाडण्यासाठी थांबवू बघतोयस. पंधरा वर्षं झाली तरी तू माझंच बोलणं खोडून काढतोयस, नाही का? गोळ्या बंद ठेवून गिऱ्हाइकांना अंगठा दाखवतोयस. कुणाला दाखवतोस रे? मलाच ना? मला दिसलं. मी मान्य केलं. आता तो अंगठा खाली घे. धार कागदावर तपास. सिस्टर म्हणतात, कागद सरळ चिरला गेला की झालं, आणि तुझी धार कागद चिरणार नाही तर कुणाची चिरणार?

लेक दारात उभी आहे, गाडीची वेळ झाली म्हणतेय. साक्षीला शिंपीणबाईंनाही बरोबर घेऊन जा म्हणून सांगितलंय, त्या आल्या तर. आता म्हाताऱ्या झाल्यात, एवढा प्रवास झेपेल की नाही कोण जाणे. खुर्ची दे त्यांना.

दादा


८ मार्च

धाकट्या,

सकाळी लेकीचा फोन आला, तुझ्या दुकानातून. मी तीनदा सगळं वदवून घेतलं, तरी पोट भरलं नाही.

पहिलं म्हणजे शिंपीणबाई! माझी लेक त्यांच्याकडे गेली, भीत भीत विचारलं, "आजी, काकांच्या दुकानापर्यंत याल का? लांब आहे, मी रस्ता विचारत विचारत नेईन." तर म्हणे बाईंनी पायात चपला सरकवल्या आणि म्हणाल्या, "विचारायचा कशाला? पंधरा वर्षं दर सहा महिन्यांनी जातेय मी. कात्र्या धाकट्याकडेच देते. तुझ्या बापाला सांगितलं नाही, उगाच त्याचा जीव खाली-वर." म्हणजे माझ्याच दारावरून त्या पिशवीत कात्र्या घेऊन जायच्या आणि मला विचारायच्या, "बरं आहे ना?" मी हसलो, धाकट्या. एवढा हसलो की यंत्र पुन्हा कोकललं. सिस्टर म्हणाल्या, तुमची वायर आता मी खिळ्यानेच ठोकते.

दुसरं. लेक सांगते, दुकानात पाच माणसं होती. तिने वाचायला सुरुवात केली तेव्हा तू सुरी लावत होतास. चाक थांबवलं नाहीस. ती मोठ्याने वाचत राहिली आणि तू लावत राहिलास. "माझी चूक झाली" हे तिने दोनदा वाचलं, शिंपीणबाई म्हणाल्या, "अजून एकदा," म्हणून तिसऱ्यांदाही वाचलं. वाचून झालं. सुरी पुसलीस, गिऱ्हाइकाला दिलीस, गिऱ्हाईक गेलं. मग चाक थांबलं.

आणि मग तू म्हणालास, "दादाला विचार, बंद होती ती आता एकदम सुरू करायची की कशी?"

धाकट्या! "दादाला विचार"! लेकीने हे सांगितलं तेव्हा मी तिला म्हटलं, फोन ठेवू नकोस, आणि सिस्टरना हाका मारल्या. ड्रायव्हरही ओरडायला लागला, "सिस्टर! सिस्टर!" त्याला वाटलं, मला काही झालं. त्या धावत आल्या. मी म्हटलं, "माझ्या भावाने विचारलंय." माझ्या भावाने विचारलंय, हे वाक्य मी किती वर्षांनी बोललो! त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि लेकीला करड्या आवाजात सांगितलं: घरच्या घरी काही ठरवायचं नाही. चुकलेल्या सगळ्या एकदम घ्यायच्या नाहीत. किती दिवस बंद होत्या ते न लपवता सांगायचं, आजच्या आज त्याच्या डॉक्टरांकडे न्यायचं, कदाचित पहिल्या दिवशी जास्त देतील, ते ते ठरवतील. छातीत, जबड्यात, हातात काहीही वाटलं तर वाट बघायची नाही, सरळ इमर्जन्सीत. मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "आणि त्यांना म्हणावं, त्यांचे दादा फार त्रास देतात."

शेवटचं लेक म्हणाली ते एवढंच: काकांनी दुकानाचं दार ओढलं, काकूने त्यांची फाईल पिशवीत घातली, आम्ही रिक्षेत बसतोय. मग तिचा फोन बंद झाला. बॅटरी संपली असेल. संपलीच असेल ना? तुझ्या घरचा फोन कुणी उचलत नाही. सगळे दवाखान्यात असणार, मला कळतंय ते. तरी मी सकाळपासून अकरा वेळा लावला.

म्हणून हे लिहितोय. लिहिलं नाही तर खाट सोडून उठेन, आणि उठायला बंदी आहे. तुझं पत्र नको, मोठा मजकूर नको. तू पोचलास का? डॉक्टर काय म्हणाले? गोळी तुझ्यासमोर फोडून दिली की चिठ्ठीवर लिहून दिली? घेतलीस का? पाणी होतं का जवळ?

फोन उशाशीच ठेवलाय, तो वाजला की आता ड्रायव्हरसुद्धा माझ्याकडे बघतो. तू कर. मी उचलेन आणि एक शब्द बोलणार नाही, तूच बोल. रागावून बोललास तरी बोल. ठेवून दिलास तरी हरकत नाही, पण आधी "घेतली" एवढं म्हण आणि मग ठेव. लवकर कळव, धाकट्या. आजच कळव.

तुझा
दादा